मोटारसायकल कुठे ठेवायची

आमच्याकडे पिकअप आहे म्हटल्यावर लोक म्हणतात, मग अडलंय कुठे, मोटारसायकल हौद्यात टाका आणि चला. असं म्हणणाऱ्यांनी कधी फिफ्थ व्हील ओढलेलं नसतं. साधा कॅरव्हॅन गाडीच्या मागच्या कडीला अडकवतात, त्यामुळे पिकअपचा हौदा मोकळा राहतो. फिफ्थ व्हीलचं तसं नाही. त्या कॅम्परचं पुढचं अंग उंच आणि पुढे आलेलं असतं, आणि ते नाक थेट हौद्यात, मागच्या चाकांच्या वर बसवलेल्या जाड लोखंडी बैठकीवर टेकतं. म्हणजे हौदा गेला. मोटारसायकल कॅम्परच्या आत ठेवावी, तर त्या दारातून मी स्वतःच तिरकी होऊन आत जाते. छपरावर बांधा म्हणणारेही भेटले. उरली ती एकच जागा, कॅम्परच्या अगदी मागे, शेपटीला. आणि ती जागा माझ्या नवऱ्याला मान्य नव्हती.

नवरा इथे बहारीनमध्ये एका प्लांटवर सेफ्टीचं काम बघतो. समोर मी त्याला अहो-जाहो करते, सत्तावीस वर्षांची सवय आहे. लिहिताना मात्र 'तो' लिहिणार, तेवढी मोकळीक मला असू द्या. सेफ्टीचा माणूस घरात असणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोलाच ठाऊक. आमच्याकडे माळ्यावरचा डबा काढायचा तर शिडी धरायला खाली एक माणूस लागतो. मी ईसा टाउनच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. पस्तीस मुलं, पस्तीस ब्लेडं आणि जास्वंदीची फुलं एकाच वेळी सांभाळते, पण घरी कांदा चिरताना मला बोटं कशी धरायची ते सांगितलं जातं.

अशा माणसाच्या बायकोने पन्नासाव्या वर्षी मोटारसायकल घेतली.

कारण अगदी छोटं होतं. अदलियात एका कॅफेसमोर मी टॅक्सीची वाट बघत उभी होते. चार-पाच मोटारसायकली येऊन थांबल्या. त्यातल्या एका स्वाराने हेल्मेट काढलं, तर आत पांढऱ्या केसांची एक बहारिनी बाई, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. तिने आरशात बघून केस सारखे केले, डोक्यावर स्कार्फ घेतला आणि आत जाऊन कॉफी मागवली. कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी मात्र टॅक्सी येऊन हॉर्न वाजवायला लागली तरी बघत होते. मुलगी त्याच वर्षी शिकायला कॅनडाला गेली होती, आणि घर इतकं आवरलेलं राहायला लागलं होतं की मला कंटाळा आला होता. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा लायसन्स मिळालं, आणि दोनशे पन्नास सीसीची एक वापरलेली गाडी घेतली. मुलीला फोटो पाठवल्याबरोबर तिचा फोन आला.

"आई, यू आर टू मच! बाबा काय म्हणाले?"

बाबा काहीच म्हणाले नव्हते. बाबांनी कागद काढून त्यावर धोके लिहायला घेतले होते. त्या कागदाचा निष्कर्ष असा, की जनाबियातल्या आमच्या कंपाउंडमध्ये आणि आसपासच्या गल्ल्यांत चालवायला हरकत नाही, हिवाळ्यात साखीरच्या वाळवंटात तर खुशाल चालवावी, पण हायवेवर नाही. मी दोन दिवस भांडले. खरं सांगायचं तर हायवेची धास्ती मलाही होती. आपली भीती दुसऱ्याच्या नावावर खपत असेल तर कुणाला नको असते? मी कुरकुरत ऐकलं.

पण वाळवंटात जायचं तर वाटेत हायवे येतोच. त्यामुळे दोन वर्षं माझी गाडी गल्लीतच फिरली. मग शेजारचा अमेरिकन कायमचा घरी परतला आणि जाताना त्याचा पिकअप आणि हलका फिफ्थ व्हील कॅम्पर आमच्या गळ्यात मारून गेला. नवरा खूश, मीही खूश. हिवाळ्यात इथले लोक साखीरला तंबू ठोकून राहतात, आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचाही एक तंबू असतो. आता आपलं चाकांवरचं घर तिथे न्यायचं, आणि घराच्या मागे माझी गाडी.

"मागे नको," नवरा म्हणाला.

त्याने मला जेवणाच्या टेबलावर समजावलं. लाटणं आडवं ठेवलं, त्यावर उलथनं ठेवलं. "हे लाटणं म्हणजे कॅम्परची चाकं. हे उलथन्याचं टोक म्हणजे नाक, पिकअपवर टेकलेलं. आता बघ." मागच्या टोकावर त्याने वाटी ठेवली. नाक वर उचललं गेलं. "मागे वजन टांगलं की नाकावरचं कमी होतं. एकूण वजनाच्या पंधरा टक्के तरी नाकावर हवं. त्याखाली गेलं की शेपूट डुलायला लागते. जड कॅम्पर असता तर एक मोटारसायकल पचवली असती त्याने. हा हलका आहे."

"मग पुढे वजन वाढवा की."

"पुढची पाण्याची टाकी भरून घेता येईल," तो म्हणाला, आणि लगेच मला उमेद वाटू नये म्हणून पुढे म्हणाला, "पण नीट मोजावं लागेल."

शेवटी एक ठराव झाला. त्याच्या प्लांटवरच्या एका सहकाऱ्याला माझी गाडी आवडली होती आणि तो रविवारी संध्याकाळी बघायला येणार होता. त्याआधीच्या शुक्रवारी आम्ही साखीरला जायचं, गाडी मागे बांधून. कॅम्पर नीट चालला, तर सहकाऱ्याला नको म्हणून सांगायचं. नाही चालला, तर गाडी विकायची, कारण उभी गाडी गंजते. मी हो म्हटलं. एवढ्यातेवढ्यावर मी हो म्हणत नाही, पण दोन वर्षं गल्लीत फिरून मलाही ओशाळं झालं होतं.

त्या गाडीत माझं काय होतं ते नवऱ्याला नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते. बावीस वर्षं मी या देशात नवऱ्याच्या व्हिसावर आहे. घर त्याच्या कंपनीचं, कार त्याच्या नावावर, विजेचं बिलसुद्धा त्याच्याच नावाने येतं. यात कुणाचा वाईट हेतू नाही, कागद असेच होत गेले. ती मोटारसायकल ही इथली पहिली वस्तू, जिच्या कागदावर फक्त माझं नाव होतं. ती गेली असती तर मी रडले नसते, पण आतून खट्टू झाले असते आणि ते बराच काळ टिकलं असतं.

मागचा रॅक करून दिला सलमाबादच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांनी. मूळचे रत्नागिरीचे, चाळीस वर्षं इथे. त्यांनी कॅम्परच्या खाली आडवं होऊन चासी ठोकून पाहिली आणि कपडे झटकत उठले.

"भाबी, रॅक मजबूतच होनार, इंशाल्ला. रॅक तुटला तर माझी मान पकडा. पन वजनाचा काय ता तुमी बघा, ता माझ्यावर टाकू नका."

"वजनाचं मी बघतो," नवरा म्हणाला. एवढा आनंदात मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

आठवडाभर आमच्या घरात वजनकाटा फिरत होता. गॅसचा सिलिंडर, कुकर, गाद्या, घडीच्या खुर्च्या, माझं हेल्मेट, तिळगुळाचा डबा, सगळं त्याने काट्याला लटकवलं आणि कागदावर उतरवलं, कुठली वस्तू चाकांच्या पुढे आणि कुठली मागे ते सुद्धा. मी साड्यांची पिशवी हळूच आत ठेवायला गेले तर म्हणाला, "थांब, काट्यावर." गुरुवारी रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "सगळं सांगितलंस ना? राहिलं नाही ना काही?"

"सगळं," मी म्हटलं.

आणि ते खोटं होतं, पण त्या वेळी मला ते खोटं वाटलंच नाही. संक्रांत नुकतीच झाली होती आणि शनिवारी दुपारी साखीरच्या तंबूत माझं हळदीकुंकू होतं. छत्तीस बायका येणार होत्या. आता हळदीकुंकवाचं वाण काय आहे हे आधी कुणाला सांगायचं नसतं, हे मी काही नव्याने सांगायला नको. त्यातच आदल्या वर्षी नवऱ्याने माझं वाण ऑफिसात सहज बोलून टाकलं होतं, आणि बायका यायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं की चहाच्या गाळण्या मिळणार आहेत. तेव्हाच मी कानाला खडा लावला होता. या वर्षी मी कोल्हापूरहून भावाकडून बिडाचे तवे मागवले होते. छत्तीस तवे, सहा खोकी, जहाजाने आलेले. महिनाभर ते शाळेतल्या मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये लपवले, आणि गुरुवारी सकाळी रजा टाकून, नवरा कामावर असताना, एकेक करून कॅम्परमध्ये आणले. मागच्या बाकाखाली लांब पेटी आहे, तिथे ते अगदी मापात बसले. कंबर दोन दिवस दुखत होती. एवढी कंबर दुखली तरी डोक्यात आलं नाही की हेही वजन आहे. सामान म्हणजे कुकर आणि गाद्या. वाण म्हणजे वाण. त्याची गणती सामानात कशी होईल?

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास निघालो. मागे माझी गाडी चार पट्ट्यांनी करकचून बांधलेली, पुढची पाण्याची टाकी भरलेली. नवऱ्याने कॅम्परभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, प्रत्येक पट्टा ओढून बघितला, आणि "यल्ला, चला" म्हणून बसला. जनाबियातून बाहेर पडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. झल्लाकच्या दिशेने हायवे मोकळा झाला आणि त्याने वेग वाढवला, तेव्हा मागून धक्के जाणवायला लागले, कुणीतरी पिकअपची खोड काढत असल्यासारखे. वारा होता. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो तो इथला शमाल, आणि त्याचा एक झोत उजवीकडून आला. माझ्या बाजूच्या आरशात कॅम्परचा मागचा कोपरा दिसला, मग नाहीसा झाला, मग पुन्हा दिसला, आधीपेक्षा जास्त बाहेर आलेला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पायाचा ब्रेक दाबला नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि डॅशबोर्डखाली कॅम्परच्या ब्रेकची वेगळी कळ असते ती बोटाने हळूहळू दाबत गेला. मागचं डुलणं कमी कमी होत थांबलं. मग त्याने सगळं लटांबर रस्त्याच्या उजवीकडे, खडीच्या मोकळ्या जागेत नेऊन उभं केलं आणि इंजिन बंद केलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. सत्तावीस वर्षं मी या माणसाच्या सेफ्टीची टिंगल केली. त्या दिवशी आम्ही दोघं त्याच सेफ्टीमुळे उभे होतो.

"तुझी गाडी उतरवू," तो म्हणाला.

उतरवायची फळी सकाळी मीच मागच्या बाकाखालच्या पेटीत, खोक्यांवर सरकवली होती. मी आत गेले, पेटीचं झाकण उचललं, आणि समोर सहा खोकी. खोक्यांवर भावाने मोठ्या अक्षरात 'जपून, जड आहे' असं लिहिलं होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जणू ऐंशी किलोचा एक धडधाकट माणूस मी चाकांच्या मागे निजवला होता, आणि हिशेबात त्याचं नाव नव्हतं. मी फळी काढली आणि झाकण लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. फळी देताना मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

गाडी खाली उतरली. आता ती न्यायची कशी? मित्राला पिकअप घेऊन बोलवावं तर त्याला यायला दोन तास लागणार. वारा वाढत होता.

"मी चालवते," मी म्हटलं.

त्याने मागून येणारी वाहनं पाहिली. मग म्हणाला, "उजव्या लेनमध्ये राहा. ऐंशीने जा. कमी करू नकोस, हळू जाणाऱ्याला लोक मागून ठोकतात. मी तुझ्या मागे आहे. माझ्या आणि तुझ्या मध्ये कुणाला येऊ देणार नाही."

मी हेल्मेट घातलं आणि निघाले. पहिला एक किलोमीटर मला काहीच आठवत नाही. मग हात सैल पडले. डावीकडे तेलाचे पंप माना खाली-वर करत होते, पाइपलाइन रस्त्याच्या कडेने धावत होती, आणि आरशात तो पांढरा कॅम्पर, हायवेची आख्खी लेन अडवून माझ्या मागे येत होता. मी पंचवीस मीटर पुढे काढले तर तोही तेवढाच पुढे यायचा. मला इतका आनंद झाला की हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडले, अगदी कोल्हापुरात कुस्तीच्या फडात ओरडतात तशी. त्याच वेळी मनात येत होतं, बये, तू खोटारडी आहेस.

साखीरला पोचलो, कॅम्पर लावला, चहा झाला. घडीच्या खुर्चीत बसून नवरा म्हणाला, "रविवारी त्याला येऊ दे. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या गाडीचा दोष नाही, चाचांच्या रॅकचाही नाही. माझं गणितच कुठेतरी चुकलं असणार. हलक्या कॅम्परला नाही झेपत, एवढंच."

त्याने आवाज चढवला असता तर मी गप्प राहिले असते. तो समजुतीने बोलला आणि शिवाय चूक स्वतःच्या अंगावर घेतली. ते मला सोसेना.

"अहो, तुमचं गणित बरोबर आहे. मागच्या पेटीत छत्तीस तवे आहेत. बिडाचे."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. कप खाली ठेवून तो उठला.

"मी तुला विचारलं होतं. जेवताना विचारलं होतं की नाही?"

"वाण होतं हो ते. वाण सांगतात का?"

"अगं, वाण असो नाहीतर सोनं असो! वारा आणखी जोरात असता तर कॅम्पर आडवा झाला असता. आणि शेजारी तू बसली होतीस." तो पाइपलाइनच्या दिशेने चालत निघून गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. माझी चूक होती आणि मला तिची लाज वाटत होती. लाज वाटत असताना मला माणसाच्या मागे मागे जाता येत नाही. संध्याकाळी मगरिबची अजान झाल्यावर तो परत आला, निमूटपणे पिठलं-भात जेवला आणि झोपला.

शनिवारी बायका आल्या. अदलियाहून, ईसा टाउनहून, काळ्या साड्या नेसून वाळवंटात. पदर उडत होते आणि एकेकीला धरून तंबूत आणावं लागत होतं. नवरा अजून माझ्याशी बोलत नव्हता, पण तव्यांची खोकी मी न सांगता त्यानेच तंबूत आणून ठेवली. मी हळदकुंकू लावून पहिलीच्या हातात तवा दिला.

"अगंबाई! केवढा जड!"

"सव्वादोन किलो," दारातून नवरा म्हणाला.

सगळ्या वळून त्याच्याकडे बघायला लागल्या. कधीतरी सकाळी, मी आंघोळीला गेले असताना, त्याने एक तवा काट्याला लावला होता. मला हसू फुटलं. त्यालाही आलं असावं, कारण तो घाईघाईने बाहेर गेला. बायकांना तवे फार आवडले. दोघींनी तर तिथेच विचारलं, घावन सुटतात का नीट. पण मला त्या दिवशी कौतुकापेक्षा त्या एका वाक्याने बरं वाटलं. आमचा अबोला मोडला होता.

तीनच्या सुमारास बायका गेल्या आणि आम्ही आवराआवर केली. नवऱ्याने खिशातून कागद काढला, पेन्सिलीने खाडाखोड केली, पाण्याच्या टाकीचा काटा पाहून आला.

"तवे गेले. मागची पेटी रिकामी. टाकी अजून पाऊण भरलेली आहे. बसतंय गणित. सोळा टक्के."

म्हणजे माझी गाडी निर्दोष सुटली होती. आम्ही दोघांनी ती फळीवरून वर चढवली, रॅकवर उभी केली. त्याने चार पट्टे बांधले, ओढून बघितले. वाराही पडला होता. मी पिकअपमध्ये जाऊन बसले आणि पट्टा लावला. तो येईना. खाली उतरून मागे जाऊन बघते तर तो एकेक पट्टा सोडत होता.

"काय झालं? बसतंय म्हणालात ना?"

"बसतंय."

"मग?"

त्याने तिसरा पट्टा सोडला आणि गुंडाळत गुंडाळत बोलला. "काल तू पुढे होतीस. पहिली पाच मिनिटं मी तुला, स्वतःला, त्या अमेरिकनाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग बघितलं, तू लेन सोडत नव्हतीस. एका ट्रकला तू छान जागा दिलीस. मला तसं जमलं नसतं." चौथा पट्टा हातात धरून तो थांबला. "हायवे नको म्हणालो होतो, ते गणित नव्हतं. मला भीती वाटते. तुझं काही झालं तर, याची. ती अजूनही वाटते. पण म्हणून तुझी गाडी अशी सामानासारखी बांधून न्यायची, हे काही खरं नाही."

माझी भांडायची तयारी असते, याची नव्हती. मी फळी लावली. त्याने तिथेच उभं राहून सहकाऱ्याला फोन केला. "अरे, कल मत आना. खलास, बेचना नहीं है. नहीं नहीं, गाडी एकदम ठीक है. मॅडम चलाती है."

निघताना तो म्हणाला, "आज माझ्यासाठी थांबू नकोस. मला सावकाश यायचंय. तू तुझ्या वेगाने जा, कंपाउंडच्या गेटपाशी भेटू."

मी गेले. परतीच्या रस्त्याबद्दल फार काही लिहीत नाही, सुख लिहायला गेलं की चार ओळींत संपतं. ऊन तिरकं होतं, रस्ता माझा होता, आणि एका सिग्नलला शेजारच्या कारमधल्या पोरींनी मला अंगठा दाखवला. जनाबियात गेटपाशी पोचले तेव्हा जेमतेम पाच वाजले होते. इंजिन बंद केलं आणि त्याची वाट बघायला लागले.

दहा मिनिटं मजेत गेली. पंधरा झाली. त्याला फार तर दहा मिनिटं जास्त लागायला हवी होती. वीस मिनिटांनी मी फोन केला. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तीनदा केला. वारा पडला होता ना? की माझ्या मागून पुन्हा सुटला? पेटी रिकामी केली, पण झाकणाची कडी लावली का? टाकी खरंच पाऊण होती का? कोपऱ्यावरून एक पांढरं काहीतरी वळलं की मी टाचा उंचावून बघायचे आणि ती कुणाची तरी व्हॅन असायची. दूर कुठेतरी अँब्युलन्स वाजली, ती उलट दिशेने जात होती, तरी मी तिचा आवाज विरेपर्यंत ऐकत राहिले.

आणि त्या गेटपाशी उभी असताना मला एक गोष्ट आठवली, जी दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. सकाळी गल्ल्यांमधून फेरी मारून मी परत यायचे तेव्हा दर वेळी नवरा इथेच, गेटजवळच्या बोगनवेलींना पाइपने पाणी घालत उभा असायचा. मी म्हणायचे, सुट्टीच्या दिवशी तरी झोपा की. तो म्हणायचा, झाडं सुकतात. कंपाउंडला माळी आहे. तो रोज पाणी घालतो.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी पिकअपचं तोंड कोपऱ्यावर दिसलं, मागे ते लांबलचक घर, अजिबात न डुलता. त्याने गेटपाशी गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"पेट्रोल भरून घेतलं. पंपावर रांग होती."

"मग फोन करायचा नाही का?" मी भर रस्त्यात किंचाळले. "माणूस इथे उभं आहे, वाट बघतंय, कळत नाही का तुम्हाला?"

तो इंजिन बंद करून खाली उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अर्धा तास होऊन गेला होता आणि मी हेल्मेट काढायचं विसरले होते. काच खाली होती आणि आतून ती सगळी धुरकट झाली होती. त्याने ती दोन बोटांनी वर केली आणि माझे डोळे पुसले.